प्रश्न चौदा

प्रश्न चौदा मी सुई काढल्यावर विचारते.
कापसाचा बोळा कोपरात दाबून
हात मुडपून बसलेली बाई
सहसा खोटं बोलत नाही.

मणेराजुरीच्या माळावर, बेदाण्याच्या शेडमागं,
गंधकाच्या धुरीनं डोळे चुरचुरत असताना
शालन जमदाडे म्हणाली,
"डिपिंगच्या सीझनला सातशे रोज.
गाडी मालकाची, चहा दोनदा.
आता शेडवर साडेचारशे. लिही."
लिहिलं.
"आणि तुला गं?"

उलट्या प्रश्नाला फॉर्ममध्ये रकाना नाही.
ट्रेनिंगला सांगितलं होतं : हसावं, पुढं जावं.
हसले. पुढचा प्रश्न संडासाचा होता.
तिनं बोळा सोडला नाही, विषयही.
"अठरा हजार."
"म्हंजे सहाशे रोज. पेट्रोल धरून का सोडून?"
"पेट्रोल माझं. बिल देतात, सहा महिन्यांनी."
मोकळ्या हाताची पेरं तिनं अंगठ्यानं मोजली,
मिरज ते हितं, हितनं मिरज,
"चारशेऐंशी," म्हणाली
आणि शेडभर ओरडून सांगितलं.
बेदाणा निवडणारे हात थांबले.
"शिकलीयस किती?"
"एम. एस्सी."
कुणी हसलं नाही. हेच वाईट झालं.

त्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात.
त्यातला मान शनिवारी मिळतो,
डॉक्टर बिंदगे पाहुण्यांना लॅब दाखवतात तेव्हा :
"ही आमची मुलगी. रक्त हिच्याच हातचं."
मुलीचं वय एकोणचाळीस.

वरच्या मजल्यावर पाच दारं, पाच पाट्या,
चार सर, एक मॅडम,
मॅडम जूनमध्ये निवृत्त.
खाली आम्ही नऊ. आठ बाया आणि राजगोंडा.
राजगोंडा दिवाळीत पुण्याला गेला,
औषध कंपनीत, तिप्पट पगारावर.
जाताना रडला, हे खरं आहे.
मग आठच.

करार अकरा महिन्यांचा.
मग एक दिवस मी कुणीच नसते,
मग पुन्हा अकरा महिने.
अशी सात वेळा कुणी नव्हते.
गेल्या साली नेमकी त्याच रात्री
उणे ऐंशीच्या फ्रीझरची घंटा वाजली
आणि वॉचमन इलाहीभाईंनी मलाच फोन लावला.
अडीच हजार नळ्या, तीन तालुक्यांची माणसं,
बर्फात उभी.
गेटवरच्या वहीत 'हुद्दा' या रकान्यात
मी 'पाहुणी' लिहिलं आणि आत पळाले.
फ्रीझर वाचला. त्याचा देखभालीचा करार
पाच वर्षांचा आहे.

फेब्रुवारीत तुलना-गटाला रक्त कमी पडलं.
फवारणीशी संबंध नसलेलं, निरोगी, बायकांचं हवं होतं.
आम्ही एकमेकींचं काढलं.
शमा शिकलगारनं मला टोचलं, हलक्या हातानं,
बोळा दिला.
"चौदा," म्हणाली.
तिला माझा आकडा ठाऊक आहे, मला तिचा.
तिचा दोन हजारांनी कमी,
कारण बाळंतपणात तिचा करार संपला
आणि परत आली ती नवी म्हणून आली.
मी हात मुडपून बसले.
खिडकीबाहेर कुणीतरी तंबोऱ्याचे भोपळे
टेम्पोत भरत होतं, एकावर एक, पेंढा घालून.
शमानं थोडं थांबून नव्व्याण्णव टाकलं.
नव्व्याण्णव म्हणजे उत्तर मिळालं नाही.
नव्व्याण्णव सरासरीत धरत नाहीत.

मार्चअखेरीला शालनचा फोन आला.
"रिपोर्ट चांगला आहे हो," मी म्हणाले.
"त्ये असूंदे.
विरळणीला टोळीत एक बाई कमी पडती.
कात्री तेवढी तुझी तू आण."