मानस

सासऱ्यांनी चोडणच्या खाजनातली मानस लिलावात घेतली
त्याच वर्षी माझा डावा पाय पहिल्यांदा झोपला,
फेरीबोटीत चढताना.
बांबोळीचे डॉक्टर म्हणाले, शरीराचे राखणदारच
नसांवरचं वेष्टण कुरतडतायत.
मी म्हटलं, कळलं.
बांधाला भोकं पाडणाऱ्या कुर्ल्या
आतल्याच असतात.

मग दिवस गेले.
सातव्या महिन्यात बोटांना पुन्हा
तांदळातले खडे कळू लागले.
आठव्यात जिना चढले, कठडा न धरता.
वारेतून एस्ट्रिऑल झरतं म्हणे,
राखणदारांना बजावतं : हे पोर अर्धं परकं,
तरी हात लावू नका.
त्या माफीत मीही बसले.

शिमग्याच्या आधी शाल्मली झाली.
वार पडली.
आणि मग वार सुरू झाले.
अडीच महिन्यांत उजव्या डोळ्यात धुकं,
पाजताना हात सुटेल की काय ही धास्ती.

सासरे रात्री बॅटरी घेऊन मानशीकडे जातात,
ओहोटी बघून जाळं लावतात.
एकदा विचारलं,
दार कायमचं बंद का नाही करून टाकत?
आतलं पाणी कुजतं गो, म्हणाले.
आणि सुंगटां?