अकरा मिनिटं

फेरोमधल्या त्या बेटाला समुद्राखालून बोगदा झाला
तेव्हा सुनव्हूरनं सगळ्यांआधी टाळ्या वाजवल्या.
तिची आई होडीतच गेली होती;
दवाखाना समोर दिसत होता, आणि लाटा
कुणाचं ऐकेनात.

आता अकरा मिनिटं.
टोल तेवढा भरायचा.

पण परवा उन्हाची तिरीप आली
म्हणून माळ्यावरची जादा गादी बाहेर काढताना म्हणाली,
हिच्यावर शेवटचं कोण झोपलं असेल गं?

वादळ सुटलं की बोट बंद.
मग कुणी शिंपी, कुणी पाद्री,
कुणी मेंढ्यांचा दलाल
दाराशी निथळत उभा. तीन-तीन दिवस.
सुकं मटण संपायचं, गोष्टी संपायच्या नाहीत.
हानुस असाच आला होता,
चर्चचं घड्याळ दुरुस्त करायला, एका दुपारपुरता.
एकेचाळीस वर्षं राहिला.

आता पाहुणे येतात, कॉफी पितात,
गाडीची किल्ली बोटात फिरवत बसतात.
कुणी अडकत नाही.

सुनव्हूर बोगद्याला नावं ठेवत नाही.
नात रात्री तापली तेव्हा तोच कामी आला.
फक्त वारा उठला की तिचा हात चुकतो,
चार बटाटे जास्तीचे शिजतात.

सकाळी ते मेंढ्यांना.