मुक्काम

टॅलिन, फेब्रुवारी. खिडकी क्रमांक चार.
इथं आता फारसं कुणी येत नाही;
विवरण फोनवरच भरतात लोक, कॉफी निवायच्या आत.
माझ्याकडे येतात ते गुंता झालेले.

आज आइवार लेपिक आला.
गिलाव्याची कामं करतो, समुद्रापलीकडे, हेलसिंकीच्या बाजूला.
नखांच्या कडेला पांढरं,
बगलेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा,
डब्यात बोटीची तिकिटं, वर्षभराची,
रबर लावून महिन्यांच्या जुड्या केलेल्या.
"मोजा," म्हणाला. "मी तीनदा मोजलं, तीनदा वेगळं आलं."

मी मोजलं.
नियम तसा चार ओळींचा:
जो आमचा रहिवासी, त्याची जगभरातली कमाई आमच्या वहीत.
जो नाही, त्यानं इथं मिळवलं तेवढ्यापुरतंच बोलायचं.
एकाकडून अख्ख्या नदीचा हिशेब,
दुसऱ्याकडून फक्त आमच्या घाटावर भरलेल्या घागरीचा.
आणि तो आमचा की परका
हे ठरवायला एकशे त्र्याऐंशी दिवस,
किंवा एक घर.

घर इकडचं, हाप्सालूला, निळ्या दाराचं.
दिवस तिकडचे. दोनशे अकरा.
तिकडचा नियम म्हणतो, सहा महिन्यांवर राहिला की तो आमचा;
शनिवार-रविवारच्या फेऱ्यांनी मुक्काम मोडत नाही.

"म्हणजे दोघांनाही भरू?" त्याचा आवाज चढला.
मागच्या बाकावरची बाई विणायची थांबली.
नाही. दोन देशांनी करार केलाय,
एकाच गाईची धार दोघांनी काढू नये म्हणून.
करार पायरी पायरीनं विचारतो. मीही विचारते.

कायमचं घर?
दोन्हीकडे. तिकडे केरावात भाड्याची खोली, पण वर्षभर त्याचीच.
मग दुसरी पायरी.
ती वाचताना अजूनही मी चष्मा पुसते:
"महत्त्वाच्या हितसंबंधांचं केंद्र."
सरकारी भाषेत इतकं उघडं वाक्य दुसरं नाही.
म्हणजे, साहेब, तुमचा जीव कुठं अडकलाय?

बायको?
"मार्चमध्ये गेली. तार्तूला, बहिणीकडे. कागद अजून व्हायचेत."
मुलं?
"एक. ब्रेमेनला. तो त्याचा हिशेब देईल."
दातांचा डॉक्टर?
"हाप्सालूत. तिकडे तोंड उघडणंही परवडत नाही."
कुत्रा? हे फॉर्मवर नाही, मी आपलं विचारलं.
"मुरी. शेजारी खायला घालतो. पण..."
रबर बोटाला गुंडाळत राहिला.
"गेल्या खेपेला माझ्यावर भुंकला."

मी काही लिहिलं नाही.

आणि केरावात?
"शिडी. मिक्सर. खिडकीत मिरचीचं रोप, पिर्क्कोनं दिलेलं. जगलंय."
पिर्क्को कोण?
"घरमालकीण."
मग बऱ्याच वेळानं,
"म्हणजे, आधी तेवढीच होती."

मिरचीचं रोप हितसंबंधांत धरावं का,
यावर परिपत्रक नाही.

"आणि बोटीवरचे दोन तास?" त्यानंच विचारलं. "ते कुणाच्या वहीत?
तिथं मला झोप लागते. खोलीत लागत नाही.
घरी तर नाहीच."

माझा जन्म इथला, तीन थांब्यांवरचा.
एकशे त्र्याऐंशी सोडा, एकही दिवस कधी मोजावा लागला नाही.
माझं केंद्र कुठंय, हे कुणी विचारलेलं नाही
आणि विचारलं असतं तर
मी पत्ता सांगून मोकळी झाले असते.

नोंद केली: पुढील कागदपत्रांच्या प्रतीक्षेत.
"परतावा निघाला," तो म्हणाला, "तर कुठल्या खात्यात?"
दोन्ही नंबर लिहून ठेवले.

गेल्यावर पाहिलं, काउंटरखाली एक तिकीट पडलेलं,
आजच्याच तारखेचं.
वर छापलेलं: परतीचं.
कुठून कुठं, ते वाचायला चष्मा वर केला
तोवर तो जिन्यावरून धावत आला
आणि घेऊन गेला.