ओळंबा

मे महिना, मेकोसाबाग.
देवळाच्या मागच्या भिंतीला बाबांनी ओळंबा सोडला.
लोळक झुलायचा थांबेपर्यंत कुणी बोललं नाही.
वर दोरी भिंतीला लागलेली,
खाली अडीच बोटं सुटलेली.

"काऊन पाडता? पलस्तर मारून द्या ना,"
कमिटीचे बेंजामिन डोंगरे म्हणाले.
"माह्याच हातची हाये," बाबा म्हणाले. "म्हणूनच."

रविवारी नव्या पाळकांनी वाचलं तेही तेच:
तकोवचा मेंढपाळ, भिंतीपाशी उभा परमेश्वर,
हातात ओळंबा,
आता गय नाही.
मग चष्मा काढून सांगितलं,
शेवटची पाच वचनं, पडका मंडप पुन्हा उभारीन म्हणणारी,
मागाहून दुसऱ्याच कुणाच्या हातची असावीत,
असं विद्वान मानतात.
कूलरची घरघर तेवढी ऐकू आली.

जेवताना बाबा म्हणाले,
"जोड दिसतेच. मसाला वेगळा रायते.
पण दुसऱ्या गवंड्यानं दोरी तर
त्याच खुंटीची धरली ना?"

आठवडाभर पाडकाम.
मी मोडक्या थापीने विटांवरचा चुना खरवडत बसले.
धड विटा डावीकडे,
तुकडे उजवीकडे.
डावीकडच्या पुन्हा लागल्या, त्याच ओळंब्याखाली,
आणि देवळात त्या दिवशी संत्र्याची बर्फी वाटली.

उजवीकडचे ट्रॉलीत भरून
कामठी रोडच्या खड्ड्यांत टाकले.
तिथून जाताना अजून
स्कूटीचं चाक दणकतं.
त्या पाच वचनांत
त्यांच्याबद्दल काही नाही,
मी दोनदा पाहिलं.