हातचा

आई हिशेब करते जुन्या पाकिटाच्या पाठीवर.
हॉप्सच्या राळेने काळी पडलेली बोटं.
सात आणि आठ पंधरा, पाच खाली,
हातचा एक.
तो ती लिहीत नाही. ओठांत धरते.

यारेलीला तिने तसंच आणलं होतं,
दोन वर्षांची, कडेवर, रात्रीचं,
कुठल्याच कागदावर न मांडता.
मी नंतरचा. याकिमाच्या इस्पितळातला.
घरी आलो आणि मागोमाग टपालाने आले
माझे नऊ आकडे.

मार्चमध्ये ती शाळेच्या वाचनालयात बसली.
केंद्र सरकारचा फॉर्म तुझ्यासाठी नाही,
मिसेस ऑस्टगार्ड म्हणाल्या, हा राज्याचा. हा चालतो.
बशीतल्या चिंचेच्या गोळ्या पुढे सरकवल्या.
नंबराच्या रकान्यापाशी यारेलीचं बोट थांबलं.
"मोकळा सोड. शून्यं घालू नकोस.
आणि दुसऱ्या कुणाचा तर मुळीच नको."

मी दहा वर्षांचा. घरी येताना म्हणालो,
माझा घे ना, मला कुठे लागतोय आत्ता.
ती रस्त्यातच थांबली. वाटलं, थोबाडीत देणार.
तिने माझ्या जॅकेटची चेन वर ओढली,
इतकी, की हनुवटी चिमटली.

मग ती वही. एकवीस शिष्यवृत्त्या,
तेरांवर काट,
तळाशी बारीक अक्षरांत नागरिकत्वाचा दाखला मागणाऱ्या.
उरलेल्यांत एक मधमाश्या पाळणाऱ्यांची,
एक उंच मुलींसाठी (ही जेमतेम पाच फूट),
एक कुणा म्हाताऱ्या बाईंची, मुलगा नदीत गेलेल्या,
त्यांना फक्त पत्र हवं होतं, हाताने लिहिलेलं.
ते तिने चारदा लिहिलं.
बाकीच्यांना व्यथा पाचशे शब्दांत.
"सव्वापाचशे भरली," ती म्हणायची,
"आता कापू कुठून? वाळवंट काढू की आजीचं मरण?"

बाबांचं वेगळंच. पत्ता लिहिलास?
आपला पत्ता?
त्या रात्री ते दिवा न लावता जेवले.

ऑगस्टात बेरीज अशी बसली:
राज्याचे थोडे, त्या बाईंचे थोडे,
चर्चमागे विकलेल्या तामालेंचे सहाशे चाळीस,
आणि विद्यापीठाऐवजी आधी गावातलं स्वस्त कॉलेज.
तरी तीनशे कमी. ते हप्त्याने.
मधे एक वर्ष काहीच नाही, सफरचंदांच्या शीतगृहात रात्रपाळी.

आज माझा फॉर्म.
वीस मिनिटं लागली.
नऊ आकडे बोटांतून आपसूक उतरले,
पडद्यावर हिरवी खूण.
मला पाणी प्यावंसं वाटलं.

टेबलापलीकडे यारेली अकाउंटिंगची उदाहरणं सोडवत होती,
एकेक विषय घेत, सातव्या वर्षी.
मान वर न करता म्हणाली,
"आईचं नाव पुन्हा बघ. दोमितिला. एकच एल."

मग समासात, पेन्सिलीने,
बारीक,
तिने हातचा एक लिहिला.