जाऊन येतो

बावीस वर्षं झाली, मी नळी घालतो
खानापूरच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावर,
जिथल्या खिडकीतून बसस्टँडची मागची भिंत दिसते.
भिंतीवर कन्नडमध्ये लिहिलंय, इथं करू नये.
खाली मराठीत तेच, वर एक शिवी जास्त.
दोन्ही भाषा वाचून बाप्ये तिथंच करतात.

‘घालतो’ म्हटलं म्हणून चुकू नका,
मी सिस्टर. भागिरथी होनगेकर.
आमच्याकडं बाई पण जातो म्हणते, जेवलो म्हणते.
सांगलीला नर्सिंग शिकताना मेट्रन हसायची,
‘अगं, तू जातो की जाते?’
मी म्हणायचो, आधी जाऊन येतो, मग सांगतो.

नवीन पोरगी आलीय, सावक्का, बैलहोंगलची.
तिला ट्रेवर दोन पाकिटं काढून दाखवतो:
बाईला चौदा नंबर, बाप्याला सोळा.
बाईची वाट करंगळीपेक्षा आखूड, सरळ.
नळी आत गेली न गेली, पिवळं दिसतंच.
बाप्याची वीतभर, चोर्ल्याच्या घाटासारखी,
धर वर, मग कलव, घाई करू नको,
आणि पिशवीच्या तोंडाशी ती गाठ,
तरुणपणी सुपारी, म्हातारपणी लिंबू.

सावक्का विचारते, मग पिशवी?
पिशवी सारखीच गे.
भरली की दोघांना सारखीच हाक मारते.
फक्त बाईच्या पिशवीवर दुसरी पिशवी टेकलेली.

आणि बाईचं हे दार वेगळंच असतं,
बाळाच्या दाराच्या पुढं, मसुराएवढं.
हे मला लग्नानंतर पुस्तकात कळलं.
आईला सांगितलं तर म्हणाली,
‘व्हय? मला वाटलं एकच.’
पाच बाळंतपणं झालेली बाई.

काल रात्री नंदगडचे भरमाण्णा आणले,
एकेकाळी तालमीत नारळ फोडायचे कोपरानं.
पोट ढोलासारखं, थेंब येईना,
सगळ्या देवांना नावानिशी बोलावत होते.
नळी सुटली, नऊशे मिली.
म्हातारा रडला, मग लाजला,
मग माझ्या हाताला हात लावून कपाळाला लावला.
आयुष्यभर जिथं वाटलं तिथं उभा राहिलेला माणूस
एका लिंबानं अडवला.

निंगव्वाचं उलटं. तिला कुणी अडवत नाही,
ती स्वतःच अडते.
हल्याळ गाडीची कंडक्टर.
सागवानाच्या आडोशाला ड्रायव्हर गाडी थांबवतो,
उतरतो, चढतो, इंजिन चालूच.
ती तेवढ्यात सुटे मोजत बसते.
सकाळपासून पाणी दोन घोट.
‘उरी आगतैत्रि, सिस्टर.’
मार्गशीर्षात उन्हाळी लागलेली, वर्षात चौथ्यांदा.
गोळ्या देतो. नीरु कुडी, म्हणतो, भरपूर पी.
ती बघते माझ्याकडं
जसं काही मी तिला विमानानं जा म्हटलंय.
जंतूंना किती चालायचं गे, सावक्का,
करंगळीभर पण नाही.

आई काजूच्या कारखान्यात टरफलं सोलायची.
संडास एक, किल्ली सुपरवायझरच्या खिशात.
किल्ली मागायला तोंड उघडायचं
म्हणून तिनं चहा सोडला, मग पाणी.
शेवटी पाय सुजले, तोंड सुजलं,
बोटं काजूच्या चिकानं काळी ती काळीच.
डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून अंगावर काढताय?
ती म्हणाली, कारखाना सुरू झाल्यापासून.

पहाटे साडेतीन. भरमाण्णा घोरतात.
मी सावक्काला म्हणतो, जाऊन येतो.
ती म्हणते, होगि बर्री.
तिच्या भाषेत ‘मी’ला बाई-बाप्या नाहीच,
आमच्यात पण तिथूनच आलं असेल, कोण जाणे.
स्टाफच्या संडासाची कडी
मागच्या दिवाळीपासून तुटलीय. तीन अर्ज दिले,
दोन कन्नडमध्ये.

सावक्का दाराबाहेर येऊन उभी राहते,
पाठ माझ्याकडं, तोंड अंधाराकडं,
आणि खाकरत राहते, अधूनमधून,
कुणी येत असेल तर कळावं म्हणून.