पत्ती

नत्थूजी हेडाऊ अकरा वर्षांपासून
साडीच्या दुकानाच्या पिशवीत
स्वतःची कंबर घेऊन फिरतात.
काळी फिल्म, तिच्यात पांढरे मणके,
आणि तीन ओळींचा रिपोर्ट, स्पेलिंगसकट पाठ.
एल फोर, एल फाईव्ह असं म्हणतात
जसं कुणी मुलाचं नाव, आडनाव सांगावं.

माझा दवाखाना तांडापेठेत, एका खोलीचा.
पलंग, शेकायची पेटी,
मे महिन्यात सारखा कोरडा पडणारा कूलर.
वाकू नका, असं त्यांना पाच जणांनी सांगितलेलं.
मी सहावी. मी म्हटलं, वाकून बघू.
त्यांनी पिशवी छातीशी धरली.

मग मी मोबाइल काढला.
रात्री जागून शोधलेला चार मिनिटांचा व्हिडिओ:
कार्टूनमधला माणूस, डोक्यात लाल दिवा,
स्वयंपाकघरात बोंबलणारा धुराचा अलार्म,
आग कुठेच नाही, फक्त करपलेला टोस्ट.
खाली यंत्रानं केलेलं मराठी:
'वेदना हे मेंदूचे उत्पादन आहे.'

तांडापेठेत कुणाच्या घरी अलार्म नाही.
टोस्ट आहे,
पण तो चहात बुडतो, करपत नाही.

"म्हंजे माह्या डोक्यातच हाये म्हन्ता?
अकरा वर्सं मी खोटं सांगून राह्यलो?"

नाही, म्हणाले मी,
आणि आवाज उगाच मोठा झाला.
त्या व्हिडिओत दुखण्याला एकच शब्द होता.
इथे या पलंगावर येतात
कळ, चमक, उसण, ठणका, रग,
आतून कोणी सूत ओढते जी,
मुंग्या नाई, मुंगळे.
आणि मी केसपेपरवर लिहिते
दहापैकी सात.

त्यांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला.
आवाज बंद करून पाहिला.
बराच वेळ काहीच बोलले नाहीत.
मग:

"मॅडम, मिलमंधी मागाले पत्त्या राहेत.
ताण्याच्या एकेका धाग्यावर एक पत्ती, पातळ.
धागा तुटला का पत्ती पडे,
पत्ती पडली का माग बंद.
पन कधी धागा तुटेच नाई.
निस्ता ढिला पडे, नाईतं रुई बसे,
तरी माग बंद! घडी घडी बंद!
नवा पोरगा तुटका धागा शोधत बसे,
शिफ्ट सरून जाये त्याची.
आमी फुंकर मारो, धागा जरा सरका करो,
अन् चालू."

थांबले.
"मंग माही पत्ती पडून राह्यली काय?"

मी चार वर्षं शिकले, इंटर्नशिप केली,
वीस-पंचवीस व्हिडिओ सेव्ह करून ठेवले.
हे कुणी सांगितलं नव्हतं.

ते उभे राहिले. वाकले.
बोटं गुडघ्यांपाशी अडली,
मग एक वीत आणखी खाली.
"दुखलं?"
"दुखते तं. दुखनारच ना."
पण वर यायची घाई केली नाही त्यांनी.

त्या रात्री कूलर बंद करून
घामात मोबाइलवर बोलले,
दोन मिनिटं चाळीस सेकंद, पत्तीबद्दल,
त्यांच्याच शब्दांत, त्यांना विचारून.
सगळ्या पेशंटना पाठवलं.
गोंदियाच्या मैत्रिणीनं लिहिलं, मी पण वापरू?
भंडाऱ्याच्या एकानं तर
धानाच्या गिरणीचा पट्टा घालून नवं केलं.
पारडीच्या यमुताई बोकडेंनी
मान शेकता शेकता विचारलं,
"मिल बंद झाली
तवा त्या पत्त्यांचं काय झालं वं?"
मला माहीत नव्हतं.

नत्थूजी पिशवी विसरून गेले.
म्हटलं, बरं झालं.
सकाळी सातला फोन:
"फेकू नका जी. येतो मी."
यायला त्यांना नऊ दिवस लागले.

तोवर ती दारामागच्या खिळ्यावर होती.
कूलर चालू केला की
जरा जरा हलायची.